पंधरा मिनिटांचा हिशोब : न्यू जर्सीत ऑटिझम थेरपीची एजन्सी उभी राहताना

२०२३च्या मार्चमधली गोष्ट. एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराण्याच्या पिशव्या गाडीत ठेवताठेवता मैत्रीण म्हणाली, “मी स्वतःची एजन्सी काढते आहे. मेडिकेडची मुलं घेणार आहे. बिलिंग तू बघशील?” दवाखान्यांची बिलं करण्यात माझी बारा वर्षं गेली होती. तरी मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचं, नाव ऐकून मी म्हटलं, आधी खाजगी विम्याची मुलं घे, जरा हात बसू दे. ती म्हणाली, “खाजगी विमावाल्यांना कुठे ना कुठे जागा मिळते गं. रांगेत ताटकळतात ती मेडिकेडची मुलं. त्यांच्यासाठीच तर काढायची आहे.”

ही त्या एजन्सीची हकीकत आहे. मैत्रिणीला विचारूनच लिहिते आहे. अमेरिकेत राहून हेच काम सुरू करू पाहणाऱ्या मराठी मुलींचे तिला सारखे फोन येतात, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो : “लायसन्स कसं काढायचं?” त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही.

ती मूळची सांगलीची. पुण्यात मानसशास्त्र शिकली, इथे येऊन मास्टर्स केलं, देखरेखीखाली दीड हजार तास काम केलं (आता दोन हजार लागतात), परीक्षा दिली आणि बीसीबीए झाली. बीसीबीए म्हणजे वर्तन विश्लेषणाची प्रमाणित तज्ज्ञ. मुलाची पाहणी करून उपचाराचा आराखडा आखायचा, आणि रोज मुलाबरोबर बसणाऱ्या तंत्रज्ञांवर देखरेख ठेवायची, हे तिचं काम. त्या तंत्रज्ञांना आरबीटी म्हणतात. एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुण्या-मुंबईतून विचारणा होते : हे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. भारतात राहून बीसीबीए होण्याचा रस्ता आता उरलेला नाही.

नोकरी सोडायला एक प्रसंग कारण झाला. ती ज्या एजन्सीत होती तिथे आठवडाभराच्या सत्रांच्या नोंदी शुक्रवारी दुपारी एकदम बसून लिहायची पद्धत पडली होती. सोमवारी मूल किती वेळा रडलं, किती वेळा मागितलं, हे शुक्रवारी कोणाला आठवणार? मग मागच्या आठवड्याची नोंद उचलून तारीख बदलली जायची. तिने दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा “आपण बोलू” एवढंच उत्तर आलं.

हा हक्क आला कुठून

मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी १९६५ साली सुरू झालेली सरकारी विमा योजना. केंद्र आणि राज्य मिळून तिचा खर्च उचलतात. तिच्या पोटात १९६७ पासून मुलांसाठी एक खास तरतूद आहे आणि १९८९च्या दुरुस्तीने ती फार बळकट झाली : एकवीस वर्षांखालच्या मुलाची अवस्था सुधारायला वा हलकी करायला जो उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल तो राज्याने द्यायचा. जुलै २०१४ मध्ये केंद्राच्या मेडिकेड खात्याने पत्रक काढून ही तरतूद ऑटिझमच्या उपचारांनाही लागू असल्याचं राज्यांना स्पष्ट सांगितलं. तरी राज्यं हळूहळूच हलली. न्यू जर्सीत मेडिकेडखाली, म्हणजे इथल्या भाषेत फॅमिलीकेअरखाली, एबीए, म्हणजे वर्तन विश्लेषणावर आधारलेले हे उपचार, मिळू लागले ते एप्रिल २०२० मध्ये. नेमका कोविड सुरू होताना.

आणि हे त्या राज्यात, जिथे ऑटिझमचं निदान देशात सर्वांत जास्त होतं म्हणून वर्षानुवर्षं बोट दाखवलं जायचं. २०१८ साली जाहीर झालेल्या केंद्राच्या पाहणीत न्यू जर्सीतल्या आठ वर्षांच्या दर चौतीस मुलांमागे एकाला निदान झालेलं होतं. पाहणीतल्या सगळ्या ठिकाणांची सरासरी एकोणसाठमागे एक अशी होती. इथली मुलं वेगळी नाहीत. इथे शोधणारे डोळे जास्त आहेत, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

आपल्या लोकांचा संबंध इथेही येतो. जानेवारी २०२३ पासून न्यू जर्सीने एकोणीस वर्षांखालच्या मुलांना, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर, व्हिसा कुठलाही असो, फॅमिलीकेअरमध्ये घेतलं आहे. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामागे आलेल्या, मुलाला सरकारी विमा मिळूच शकत नाही, असं समजून गप्प बसलेली कुटुंबं आम्ही स्वतः पाहिली आहेत.

एक नव्हे, तीन दरवाजे

‘लायसन्स’ म्हटलं की एक कागद, एक शिक्का आणि भिंतीवर चौकट डोळ्यांसमोर येते. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचं असणं दुसरीच्या कामी येत नाही.

परवाना मिळतो तो माणसाला. जानेवारी २०२० मध्ये न्यू जर्सीने वर्तन विश्लेषकांसाठी परवान्याचा कायदा केला आणि त्याखाली वेगळं परीक्षक मंडळ नेमलं. तो परवाना मैत्रिणीच्या नावाचा आहे. तिची कंपनी उद्या दुसऱ्या कोणी विकत घेतली तर त्यांना तो मिळणार नाही. दुसरा दरवाजा राज्याच्या मेडिकेडमध्ये नोंदणीचा : तिथे माणूस आणि कंपनी दोघांनी जायचं. तिसरा विमा कंपन्यांचा. फॅमिलीकेअरमधल्या बहुतेक मुलांचा कारभार राज्य स्वतः बघत नाही, पाच कंपन्यांकडे सोपवतं : एटना बेटर हेल्थ, फिडेलिस केअर, होरायझन एनजे हेल्थ, युनायटेडहेल्थकेअर कम्युनिटी प्लॅन आणि वेलपॉइंट. प्रत्येकीचा करार वेगळा, दर वेगळे, पूर्वपरवानगीचा फॉर्म वेगळा. दारात आलेलं मूल कुठल्या कंपनीचं असेल हे आपल्या हातात नाही, त्यामुळे एका कंपनीशी करार करून भागत नाही.

कंपनी काढणं त्या मानाने सोपं. एलएलसीची, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची, नोंदणी १२५ डॉलर आणि दरवर्षी ७५. करखात्याचा कंपनी क्रमांक फुकट मिळतो, आरोग्य सेवा देणाऱ्यांना लागणारा दहा अंकी राष्ट्रीय क्रमांकही फुकट मिळतो. दोन्हींसाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट ढिगाने आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हा दहा अंकी क्रमांक दोन घ्यावे लागतात, एक स्वतःचा आणि एक कंपनीचा. पुढे आमचं जे मोठं रखडलं ते याच दोन क्रमांकांवरून.

त्याआधी पत्त्याचं सांगते. जूनमध्ये कंपनी नोंदवली. ऑफिस म्हणजे एका दंतवैद्याच्या वरची दोन खोल्यांची जागा. कंपनीच्या कागदावर ‘सूट २बी’ लिहिलं, राष्ट्रीय क्रमांकाच्या अर्जात ‘युनिट २बी’, आणि बँकेच्या पत्रावर नुसतंच ‘२बी’. मेडिकेडच्या नोंदणीचा अर्ज सात आठवड्यांनी परत आला. अर्ज वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी ठिकाणं होती, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खोट्या पत्त्यांवर चालणाऱ्या एजन्सींनी मेडिकेडला लुबाडलं आहे, म्हणूनच जोखमीच्या वर्गातल्या अर्जदारांच्या जागेवर न कळवता जाऊन बघण्याचा नियम आहे. आम्ही एका कागदावर कंपनीचं नाव, पत्ता आणि क्रमांक अक्षर-न-अक्षर लिहिले, तो भिंतीला चिकटवला, आणि तिथून पुढे प्रत्येक अर्ज त्यावरूनच भरला.

राज्याची नोंदणी ऑक्टोबरमध्ये झाली. कंपन्यांकडे अर्ज आधीच धाडून ठेवले होते. एकीने “तुमच्या भागात आमच्याकडे पुरेशा एजन्सी आहेत” असं कळवलं. त्याच कंपनीची सात मुलं आमच्या प्रतीक्षा यादीत होती. मैत्रिणीने नावं न लिहिता मुलांची वयं, पिनकोड आणि किती महिने थांबलीत एवढं पत्रात मांडलं आणि पुन्हा पाठवलं. दीड महिन्याने करार आला. यादी ठेवली नसती तर ते नुसतं विनंतीपत्र झालं असतं.

दुसऱ्या एका कंपनीने करार लगेच केला, पण आपल्या संगणकात मैत्रिणीचा वैयक्तिक क्रमांक तिच्या जुन्या एजन्सीच्या करक्रमांकाला जोडलेला तसाच ठेवला. पहिल्या सहा आठवड्यांची सगळी बिलं नाकारली गेली. कारण लिहिलेलं : सेवा देणारी व्यक्ती या गटात नाही. मी फोन करायचे, पलीकडून सांगायचे, आम्हाला सगळं बरोबर दिसतंय. अकरा फोन झाले. अखेर एका बाईने दोन्ही पडदे समोरासमोर उघडून पाहिले आणि चूक एका मिनिटात सापडली. तेव्हापासून आमचा दंडक आहे : करारावर सही झाली तरी पहिल्या मुलाचं पहिलं बिल एकटंच पाठवायचं. त्याचे पैसे आले की मग दुसरं मूल.

चार मुलं, साठ तास

ज्यांना कोणी सांगत नाही त्यांच्यासाठी हा हिशोब उघडा मांडते. चार मुलं घेतली, प्रत्येकाला आठवड्याला पंधरा तास. म्हणजे साठ तासांचं आरबीटींचं काम. तासाला २४ डॉलर धरले तर आठवड्याला १,४४० डॉलर पगार. बिल नाकारणं, दुरुस्त करणं, पुन्हा पाठवणं यात बारा आठवडे सहज जातात. म्हणजे १७,२८० डॉलर पगार आणि त्यावर मालकाने भरायचा ७.६५ टक्के कर, साडेअठरा हजारांच्या वर. यात भाडं, विमा, सॉफ्टवेअर काही नाही आणि मैत्रिणीचा स्वतःचा पगारही नाही.

अनेक छोट्या एजन्सी इथे एक पळवाट काढतात : आरबीटीला कर्मचारी न धरता कंत्राटदार दाखवायचं. न्यू जर्सीत ही पळवाट फार महागात पडते, कारण कंत्राटदार कोणाला म्हणायचं याची इथली कसोटी देशातल्या कडक कसोट्यांपैकी आहे. वेळ तुम्ही ठरवता, आराखडा तुमचा, देखरेख तुमची. मग तो माणूस तुमचाच नोकर. एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ पगारी, आणि दर तीस तासांमागे एक तास आजारपणाची रजा. मैत्रिणीने पहिल्या दिवसापासून आपल्या तिन्ही आरबीटींना नोकरीवर घेतलं. त्यासाठी नवऱ्याशी बोलून घरासाठी साठवलेले पैसे काढले. तो महिना तिला झोप नव्हती, हे मी जवळून पाहिलं आहे.

आरबीटी व्हायला चाळीस तासांचं प्रशिक्षण, कौशल्याची तपासणी आणि एक परीक्षा पुरते. महिन्याच्या कामाच्या किमान पाच टक्के तासांवर देखरेख हवी, म्हणजे ऐंशी तासांमागे चार. कमीत कमी एवढं. मैत्रीण त्याच्या दुप्पट करते. वीस वर्षांची मुलगी एकटी कोणाच्या तरी घरी जाते, समोर न बोलणारं, कधी चावणारं मूल असतं. तिला महिन्याला चार तासांच्या आधारावर सोडणं मैत्रिणीला पटत नाही.

पस्तीस की चौदा

पहिलं मूल फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. वय चार, बोलणं नाही, आईवडील दोघं दुकानात कामाला. आई निदानाच्या अहवालाबरोबर आधीच्या एका एजन्सीचा आराखडा घेऊन आली होती : आठवड्याला पस्तीस तास.

हा आकडा कुठून येतो ते सांगायला हवं. कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास उपचार दिले गेले आणि त्यांतली नऊ सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकू लागली, असं त्यात म्हटलं होतं. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे खूप टीका झाली, पण चाळीस हा आकडा डोक्यात बसला तो बसलाच. आणि जास्त तास म्हणजे जास्त बिल, हेही खरं आहे.

मैत्रिणीने दोन आठवडे पाहणी केली. मूल सकाळी शाळेच्या विशेष वर्गात असायचं, दुपारी दमून झोपायचं. तिने चौदा तासांचा आराखडा लिहिला, त्यातला एक तास पालकांसाठी. आईने ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “ताई, आमचं मेडिकेड आहे म्हणून कमी देताय का?” मैत्रिणीने खाली बसून तिला मुलाचा दिवस कागदावर काढून दाखवला : शाळा, बस, झोप, जेवण, आजीबरोबर टीव्ही. “पस्तीस तास यात कुठे बसवू ते तुम्हीच सांगा,” एवढं म्हणून थांबली. आईने तो कागद घरी नेला. चौदा तासांवर सही करून दुसऱ्या दिवशी परत आणला.

मोठे झालेले ऑटिस्टिक लोक या उपचारपद्धतीबद्दल जे बोलतात, तेही मैत्रीण ऐकते. डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, शांत बस, असं तासन्‌तास शिकवलं गेल्याच्या जखमा अनेकांनी सांगितल्या आहेत. तिच्या एकाही आराखड्यात ‘नजरेला नजर देणं’ हे उद्दिष्ट नाही. पहिलं उद्दिष्ट बहुतेक वेळा ‘नको’ सांगता येणं हे असतं : शब्दाने, चित्राने, टॅब्लेटवर बोट ठेवून, कसंही.

त्या घरात आजी होती, साताऱ्याकडची. आईला कोणीतरी सांगितलं होतं की मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी गोंधळेल. म्हणून आजी नातवासमोर तीन महिने जवळजवळ मुकी होती. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं नुकसान होतं असं संशोधनात दिसत नाही. मैत्रिणीने टॅब्लेटमध्ये मराठीत ‘पाणी’, ‘दे’, ‘पुरे’ भरले, आवाज आजीचाच घेतला, आणि पालक-प्रशिक्षणाच्या तासाला आईबरोबर आजीलाही बसवलं. आजी पहिल्या दिवशी नऊवारी नेसून आली होती, शाळेत आल्यासारखी.

याच घरात आणखी एक अवघड क्षण आला. विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीची मुदत संपली, नवी यायला वेळ लागत होता. वडील पाकीट घेऊन आले : “तोवर आमच्याकडून घ्या, मुलाचं थांबवू नका.” घेता येत नाही. मेडिकेडमधल्या सेवेसाठी कुटुंबाकडून वरचे पैसे घेणं नियमात बसत नाही. मैत्रिणीने पाकीट परत केलं आणि आठ दिवस स्वतः जाऊन बसली. त्या तासांचं बिल झालं नाही. एजन्सी याच्यावर चालत नाही हे मी तिला तेव्हाच सांगितलं. आता मुदत संपायच्या पंचेचाळीस दिवस आधी मी नवा अर्ज पाठवते. २०२६ पासून मेडिकेडच्या विमा कंपन्यांना साध्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा आहे, पूर्वी चौदा होते. त्याने थोडा श्वास मिळेल.

नोंद

या सगळ्या उपचाराचं बिल पंधरा-पंधरा मिनिटांच्या एककांत होतं. २०१९ पासून देशभर हेच कोड आहेत : पाहणीचा ९७१५१, आरबीटीच्या सत्राचा ९७१५३, तज्ज्ञाने स्वतः आराखड्यात बदल करण्याचा ९७१५५, पालकांच्या प्रशिक्षणाचा ९७१५६. दोन तासांचं सत्र म्हणजे आठ एककं. प्रत्येक एककामागे काय घडलं हे त्याच दिवशी लिहिलेलं हवं : सुरू कधी झालं, संपलं कधी, कुठे, कोण होतं, कोणत्या उद्दिष्टावर काम झालं, मुलाने काय केलं, सही कोणाची.

इंडियाना राज्यात मेडिकेडने याच उपचारांसाठी दिलेल्या पैशांचा, केंद्रीय महानिरीक्षकांनी केलेला लेखापरीक्षण अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. २०१९ आणि २०२० मधली शंभर प्रकरणं नमुन्यादाखल काढली होती. शंभरच्या शंभरांत काही ना काही चुकीचं वा शंकास्पद सापडलं. त्यावरून किमान ५.६ कोटी डॉलर चुकीचे दिले गेले असा अंदाज काढला गेला. मिनेसोटात २०१८ साली सरकारी पैशावर ऑटिझम उपचार देणाऱ्या संस्था ४१ होत्या, २०२३ मध्ये ३२८. या संस्थांना परवाना लागत नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे एफबीआयचे छापे पडले, आणि मग २०२५ मध्ये तात्पुरत्या परवान्याचा कायदा झाला. हे अहवाल मी मैत्रिणीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “शुक्रवार दुपार. सगळीकडे तीच शुक्रवार दुपार.”

आमच्याकडे नियम असा की नोंद पूर्ण झाल्याशिवाय आरबीटीने त्या घराबाहेर पडायचं नाही, आणि नोंद लिहिण्याचा वेळ पगारी. दर महिन्याला मी दहा सत्रं चिठ्ठ्या टाकून काढते आणि नोंद, वेळ, बिल जुळवते. बिल करणारी मीच आणि तपासणारीही मीच, हे बरोबर नाही असं मीच म्हटलं, म्हणून आता दर तिमाहीला बाहेरची एक बाई येऊन बघते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये तिला सापडलं. एका मुलाच्या नऊ सत्रांत, मधली पाऊण तास झोप सत्रातच धरली गेली होती. दिवसाला तीन एककं, एकूण सत्तावीस. आरबीटीने लपवलं नव्हतं, नोंदीत ‘झोपला’ असं स्वच्छ लिहिलं होतं. फक्त वेळ वजा केला नव्हता, आणि माझ्या नजरेतूनही ते निसटलं. जास्तीचे पैसे आलेत हे कळल्यावर साठ दिवसांच्या आत परत करायचे असा केंद्राचा कायदा आहे. आम्ही अकराव्या दिवशी पत्र आणि हिशोब पाठवला. पैसे परत कसे घ्यायचे हे कळायलाच त्या विमा कंपनीला तीन पत्रं लागली.

ती मुलगी रडली. तिला वाटलं नोकरी गेली. मैत्रिणीने तिच्याबरोबर बसून नऊही नोंदी पुन्हा वाचल्या आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांना एकत्र बोलावून तोच कागद नाव झाकून दाखवला.

गेल्या आठवड्यात मी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा नेमकी तिचीच नोंद हाती आली. तेच मूल, तेच घर. मधोमध एक ओळ होती : “२:१० ते २:५५ झोप. वेळ धरलेला नाही. उठल्यावर आजीकडे बोट दाखवून टॅब्लेटवर ‘पाणी’.”